पदकाचा काठ आधी वाचा

दिल्ली दरबार (ब्रिटिश राजाच्या राज्याभिषेकानिमित्त दिल्लीत भरलेला सोहळा) आणि पहिलं महायुद्ध या काळातल्या पदकांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : जुन्या बाजारात एक रुपेरी पदक मिळालं. पुढच्या बाजूला मुकुटधारी राजा आणि ‘दिल्ली दरबार १९०३’ असं इंग्रजीत आहे. मागे सगळा उर्दूसारखा मजकूर, आणि जाणकाराने तिथलं साल १९०१ असं वाचलं. मग हे बनावट समजायचं का?

सालावरून तरी नाही. दोन्ही सालं बरोबर आहेत. मागचा मजकूर फारसी आहे. परमेश्वराच्या कृपेने एडवर्ड, राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट, असा त्याचा आशय. सातवा एडवर्ड गादीवर आला जानेवारी १९०१ मध्ये, दरबार भरला जानेवारी १९०३ मध्ये. फारसी आकड्यांत शून्य म्हणजे नुसतं टिंब, त्यामुळे सवय नसलेल्याला ते १९१ वाटतं.

बनावट आहे का ते इतर खुणांवर ठरवा. व्यास साधारण ३८ मिलिमीटर हवा. खऱ्या पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते आणि एक-दीड टक्का लहान भरते, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पट्टीवर हे कळत नाही, मिलिमीटरचे अंश मोजणारा व्हर्निअर कॅलिपर लागतो. मग दहापट भिंगाखाली फारसी अक्षरांचे नुक्ते (टिंबं) पाहा. ठशाने छापलेल्या पदकात प्रत्येक नुक्ता सुटा आणि धारदार दिसतो. ओतीव पदकात तो अक्षराकडे वितळल्यासारखा ओघळलेला असतो आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. चांदीची पदकं अडीच हजारांच्या आसपासच निघाली, सोन्याची जेमतेम १४०. तेव्हा स्वस्तात मिळालं असेल तर तपासणी दुप्पट कडक हवी.

प्रश्न : १९११ च्या दरबाराचं पदक विकत घेतोय. काठावर एका मराठी सरदाराचं नाव कोरलेलं आहे आणि विक्रेता त्यासाठी तिप्पट किंमत सांगतो. द्यावी का?

नुसत्या नावासाठी नाही. ही पदकं सरकारने बिननावाची वाटली होती. नाव घालायचं तर ज्याने त्याने आपल्या पैशाने सोनाराकडून कोरून घ्यायचं. म्हणजे ते नाव १९१२ मध्ये कोरलं की गेल्या दिवाळीत, हे पदक स्वतः सांगत नाही. सनद, निमंत्रणपत्र, छातीवर पदक दिसणारा फोटो यांपैकी काही सोबत असेल तरच जास्त पैसे मोजा. जुन्या कोरीव रेघांच्या तळाशी बाकीच्या काठाइतकाच काळेपणा असतो. तळ चकचकीत असेल तर हात आखडता घ्या.

एक घोटाळा नेहमी होतो. त्याच वर्षीच्या राज्यारोहणाच्या पदकावरही राजा-राणीचे जोडमुखवटे आहेत आणि फीतही तीच, गडद निळी, मधे दोन बारीक किरमिजी रेघा. पण ते ३२ मिलिमीटरचं असतं आणि मागे २२ जून १९११ ही तारीख असते. दरबाराचं पदक ३८ मिलिमीटरचं, मागे फारसी मजकूर.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात होते असं घरात सांगतात. त्यांचं म्हणून एक पदक आहे : घोड्यावर नग्न पुरुष, बाजूला १९१४ आणि १९१८. त्यावरून काय काय कळेल?

हे ब्रिटिश वॉर मेडल. चांदीची सुमारे ६४ लाख पदकं निघाली, त्यामुळे पदक म्हणून ते दुर्मीळ नाही. त्याची सगळी किंमत तीन मिलिमीटर जाडीच्या काठावर आहे. तिथे ठशांनी क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. खडू किंवा कुंकू चोळून वाचायचा प्रयत्न करू नका. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा दिवा काठाला जवळजवळ टेकवून तिरका धरा, पदक हळूहळू फिरवा आणि दर दोन-तीन अक्षरांचा फोटो घ्या.

वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाव कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलंय, आडनाव कित्येकदा नाहीच. पलटणीच्या नावात ‘मराठा’ हा शब्द इंग्रजीत ‘र’च्या आधी ‘एच’ घालून (Mahratta) लिहिलेला असतो. १९०३ ते १९२२ या काळात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १०३, ११० किंवा ११७ निघाली तर मेसोपोटेमियाचा (आजच्या इराकचा) धागा धरा. या तिन्ही पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. अर्थात पलटण तिथे होती म्हणून तुमचे पणजोबा तिथे होतेच असं नाही. मागाहून भरती झालेल्यांनाही हेच पदक मिळालं. युद्धात मृत्यू झाला असेल तर युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत क्रमांकाने शोधा. नावाने शोधाल तर स्पेलिंगच्या जंगलात हरवाल. गावच्या चावडीपाशी किंवा देवळात ‘या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले’ अशी संगमरवरी पाटी असेल, तर तिच्यावरून आकडा कळतो, नाव नाही.

पदक तांबूस असेल तर रंग उडालाय असं समजू नका. स्वयंपाकी, भिस्ती, हमाल अशा बिनलढाऊ माणसांना तेच पदक ब्राँझचं दिलं गेलं; ती सगळी मिळून सुमारे १ लाख १० हजार. ‘चांदीचं नाही’ म्हणून मोडीत घातलेली अशी पदकं पाहिली की वाईट वाटतं, कारण जाणकार संग्राहक आज तीच शोधत असतो.

काठ घासून दुसरं नाव टाकलंय अशी शंका असेल तर व्यास चार-पाच दिशांनी मोजा. सगळीकडे ३६ च्या आसपास एकसारखा हवा. नाव असलेल्या भागात ०.१ ते ०.२ मिलिमीटरने कमी भरला तर तिथे कानस फिरली आहे.

प्रश्न : चांदी खरी आहे का हे सोनाराकडे न जाता कसं कळेल?

सोनाराकडे नेऊच नका. कसोटीवर ओढलेली रेघ काठावर कायमची राहते. घरी घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, प्लास्टिकची वाटी, पाणी आणि शिवणाचा दोरा एवढंच लागतं.

फीत आणि पिन काढून पदक कोरडं तोला. समजा ३२.१० ग्रॅम भरलं. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक दोऱ्याला टांगून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. ते ३.१० आलं तर ३२.१० भागिले ३.१०, म्हणजे १०.३५. स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध) चांदी याच्याच आसपास येते. ३.६ आलं तर तांबं-निकेल, ३.८ च्या जवळ आलं तर मुलामा दिलेलं पितळ.

उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे. राजाच्या दाढीत आणि कडीच्या सांध्यात हवा अडकते, पाणी जास्त सरकतं आणि चांदी हलकी भासते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, पदक हलकेच हलवा, तीनदा मोजा. नंतर साध्या पाण्यातून काढून लगेच टिपून कोरडं करा. ब्राँझवर हिरवी भुकटी असेल तर हा प्रयोग टाळा.

प्रश्न : कोकणात राहतो. पावसाळ्यात चांदीची पदकं काळी पडतात, ब्राँझवर हिरवे ठिपके येतात. कशाने घासू?

कशानेच नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, सगळं बंद. चांदीवरचा काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचा पातळ थर. घासल्यावर थरासोबत थोडी चांदीही जाते, आणि आधी जातात ते केसांचे बारकावे आणि काठावरची अक्षरं. एकसारखा काळसर रंग संग्राहकाला आवडतो. चकाकणाऱ्या पदकाला भाव कमी येतो.

हिरव्याचे दोन प्रकार. गुळगुळीत आणि कडक असेल तर तो जुना थर, राहू द्या. फिकट हिरवी भुकटी असेल आणि टाचणीने सुटत असेल तर तो क्षाराचा रोग आहे, दमटपणावर पोसणारा. असं पदक लगेच वेगळं करा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत ठेवा. नारिंगी जेल हिरवं झालं की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

डब्यात काय ठेवता तेही बघा. रबरबँडने चांदीवर सरळ काळी रेघ उठते, प्लायवूडच्या खणातून आम्लाची वाफ येते, मऊ पीव्हीसीच्या पाकिटाने चिकट हिरवा लेप चढतो. पॉलिस्टरची पाकिटं घ्या. फाटकी असली तरी मूळची रेशमी फीत फेकू नका. नवी फीत ओळखायची असेल तर अतिनील टॉर्च मारा. निळसर पांढरी चमकली तर ती बहुधा अलीकडची.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. घरातलं १९११ चं पदक त्याला कुरिअरने पाठवू का?

नको. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अशा वस्तूची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. वारसाहक्काचं कारण तिथे चालत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मुलाच्या सामानातून नेलं तरी तीच गोष्ट. शंका असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून लेखी दाखला मागा. तोवर मुलाला दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो पाठवा, सोबत वजन आणि व्यास लिहून. पदक चोरीला गेलं तर पोलिसांनाही हेच फोटो लागतील.