लाइट-शीट सूक्ष्मदर्शक : तयार घ्यावा की स्वतः जुळवावा?

प्रश्न : आमच्या विभागात झेब्राफिशच्या जिवंत भ्रूणांची वाढ रात्रभर टिपण्यासाठी लाइट-शीट सूक्ष्मदर्शक हवा आहे. कंपनीचा तयार संच घ्यावा, की सुटे भाग आणून तो इथेच जुळवावा?
– एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दरपत्रके मागवण्याआधी पुढील चार-पाच वर्षे हे यंत्र कोण सांभाळणार, हे ठरवावे. या सूक्ष्मदर्शकात लेझरचा पातळ पडदा बाजूने सोडला जातो आणि कॅमेरा त्याच्याशी काटकोनात पाहतो. त्यामुळे पाहायचा तेवढाच थर उजळतो आणि भ्रूणाला प्रकाशाची इजा कमी होते. २००४ मध्ये हायडलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतील हुइस्केन, स्टेल्झर व सहकाऱ्यांनी माशांच्या भ्रूणांवर हे तंत्र वापरून दाखवले, तेही स्वतः जुळवलेल्या यंत्रावर. तेव्हा स्वतः जुळवणे म्हणजे कमअस्सल, असे मुळीच नाही.

२०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ओपनस्पिम’ या प्रकल्पाने सुट्या भागांची यादी आणि जुळणीच्या सूचना सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, आणि आपल्या कामाला तोच आराखडा जवळचा आहे. ‘मेसोस्पिम’ हाही खुला आराखडा आहे, पण तो उंदराच्या अख्ख्या मेंदूसारख्या, रसायनांनी पारदर्शक केलेल्या मोठ्या नमुन्यांसाठी आहे.

जुळणी उरकली म्हणजे काम संपले, असे मात्र होत नाही. प्रकाशाचा पडदा ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याकडील भिंगाच्या) नाभीय प्रतलात, म्हणजे जिथले चित्र सर्वांत स्पष्ट दिसते त्या पातळीत, अचूक बसावा लागतो, आणि रात्री खोलीचे तापमान बदलले की तो काही मायक्रोमीटरने सरकून पहाटेची चित्रे धूसर होऊ शकतात. शिवाय पडद्याची जाडी निम्मी केली की त्याची उपयोगी लांबी, म्हणजे जेवढ्या अंतरात तो पातळ राहतो ती, चौथाईवर येते. हा तोल आपल्या भ्रूणाच्या आकाराप्रमाणे हवा तसा साधता येणे, हा स्वतः जुळवण्याचा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ आहे. लेझरपासून डोळ्यांचे रक्षण करणारे बंदिस्त आवरण आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारी कळ मात्र आपल्यालाच बसवावी लागेल, आणि त्यात काटकसर नको.

विदा (डेटा) साठवण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, जरी विक्रेते त्याविषयी फारसे बोलत नाहीत. २०४८ × २०४८ बिंदूंचे, १६ बिटचे एक चित्र सुमारे ८ मेगाबाइटचे होते. दर मिनिटाला २०० थर टिपले, तर दहा तासांत सुमारे १ टेराबाइट विदा जमते.

विभागात प्रकाशशास्त्र जाणणारी आणि टिकून राहणारी व्यक्ती असेल, आणि नमुना एकाच प्रकारचा असेल, तर मी स्वतः जुळवण्याच्या बाजूने आहे. जुळवणारा विद्यार्थी पीएच.डी. होताच जाणार असेल, किंवा यंत्र अनेक विभागांनी वापरायचे असेल, तर तयार संच घ्यावा आणि देखभाल कराराची रक्कम अनुदानाच्या प्रस्तावातच मागावी. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी असे यंत्र असलेल्या एखाद्या संस्थेत आपलेच भ्रूण नेऊन एक पूर्ण रात्र चित्रण करून पाहावे.