बक्षीस ठेवलं तर कामगार आरोग्य तपासणीला येतील का?

येतील, पण रक्कम वाढवत नेऊन फार फरक पडत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला: बक्षीस नसताना 47 टक्के आले, 100 डॉलरला 59, 200 ला 63. म्हणजे दुसरे शंभर जवळजवळ पाण्यातच.

जळगाव एमआयडीसीत आमच्या चटईच्या कारखान्यात पहिल्या वर्षी स्टीलचा डबा ठेवला होता. रात्रपाळीचं कोणी फिरकलंच नाही. सकाळी सातला सुटून असोद्याला घरी गेलेला माणूस दहा वाजता उपाशीपोटी परत कशाला येईल? पुढच्या वर्षी रात्री अकरानंतर काही खाऊ नका एवढंच सांगितलं, सुटतानाच गेटवर रक्त घेतलं आणि तिथेच चहा-पोहे दिले. रांग लागली हो! साखर कमी केल्याबद्दल बक्षीस मात्र ठेवू नका. ज्यांची जास्त आहे तेच टाळतात.