चौकटीचा तुकडा कापणारी मुलगी

नमस्कार.

मुलीला सीईटीला 81 पर्सेंटाईल, तिला पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच्या इंजिनिअरिंगला जायचंय, आणि तुम्ही म्हणता वर्ष ड्रॉप घे, पण कॉम्प्युटरच घे. दोन पानी पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ, तीही तक्रारीची: "बाथरूमच्या डब्ल्यूपीसी चौकटीचा उरलेला तुकडा करवतीनं कापला, बादलीत बुडवून ठेवला. असल्या उचापती."

मी तिथेच थांबले. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण. कडा घट्ट आणि आत बारीक छिद्रं असं का, हे तिनं विचारलं. तुम्ही सांगून टाकलंत, "कंपनीनं माल वाचवलाय."

नाही हो. लाकूडसुद्धा हलकं असतं ते आतल्या पोकळ्यांमुळेच, म्हणून सागवान पाण्यावर तरंगतं. त्याचा भुसा दळून प्लास्टिकमध्ये दाबला की त्या पोकळ्या मिटतात. तयार होतो तो पाण्यात बुडणारा जड, ठिसूळ ठोकळा. खिळा मारायला जा, तडकतो. गेलेल्या पोकळ्या परत आणायच्या म्हणून माल फुगवतात. फुगवणारी पावडर तापून वायू सोडते (आपला ढोकळ्याचा सोडासुद्धा यात वापरतात), डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्याच्या तोंडातून, बाहेर पडताना दाब सुटतो, बुडबुडे फुलतात, आणि बाहेरची बाजू लगेच थंड केली की वर घट्ट साल धरते. ऐकायला सोपं आहे. पण भुशात ओल राहिली तर वाफेनं बुडबुडे फाटतात, आणि 200 अंशांच्या पुढे गेलं की भुसा करपतो. फुगलेला माल म्हणजे फसवणूक नव्हे, तो जमवायलाच डोकं लागतं.

माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) या पर्सेंटाईलला विसरा. इतर कॉलेजांतलं पॉलिमर किंवा प्लास्टिक इंजिनिअरिंग कॅप राउंडमध्ये (सरकारी प्रवेशफेरीत) बघा, आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटमध्ये (प्लास्टिकचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था) डिप्लोमाची चौकशी करा.

ड्रॉपला माझा स्पष्ट नकार. जे तिला नकोच आहे, त्यासाठी वर्ष घालवून मार्क वाढत नाहीत, घरातलं बोलणं तेवढं बंद होतं. तिलाही एक सांगा: कारखान्यात रात्रपाळी असते, गरम पीव्हीसीचा वास असतो, आणि सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकतो. फॉर्म भरण्याआधी ओळखीनं एखाद्या एक्स्ट्रूजन लाइनपाशी (वितळलेला माल डायमधून ढकलणाऱ्या यंत्रापाशी) तिला दिवसभर उभी करा.

आणि बादलीतल्या तुकड्याचं पुढे काय झालं? भिजवण्याआधी तिनं वजन केलं होतं का? पुढचं पत्र तिला लिहू द्या.