फटाके, चिंगी आणि सोफा

प्रश्न : आमची चिंगी ही देशी कुत्री साडेसात वर्षांची आहे. पहिली पाच वर्षे तिला फटाक्यांचे विशेष काही वाटत नसे. कान टवकारून ती पुन्हा झोपी जाई. गेल्या दोन दिवाळ्यांपासून मात्र पहिला सुतळी बॉम्ब वाजताच ती बाथरूममध्ये शिरते, धापा टाकते, तोंडातून लाळ गळते आणि तासन्‌तास थरथरत राहते. यंदा विसर्जन मिरवणुकीच्या ढोल-ताशांनीही तिची तीच अवस्था झाली आणि दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही. एरवी ती शांत आहे. वयामुळे थोडी सुस्तावली आहे, पूर्वीसारखी सोफ्यावर उडी मारत नाही, इतकेच. शेजारचे काका म्हणतात, तिला गच्चीवर नेऊन समोर फटाके वाजवा, आपोआप सवय होईल. सासूबाईंचे म्हणणे असे की, जवळ घेतल्याने ती लाडावते आणि जास्तच घाबरते. औषधांच्या दुकानातून झोपेची गोळी आणावी, असेही मनात येते. दिवाळीला सहा आठवडे उरले आहेत. काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ‘इतकेच’ म्हणून संपवले आहे. पाच वर्षे फटाक्यांना न जुमानणारी कुत्री जेव्हा मध्यम वयात एकाएकी आवाजाला घाबरू लागते आणि त्याच सुमारास सोफ्यावर उडी मारणेही सोडते, तेव्हा या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असू शकतो, हे आधी तपासले पाहिजे. मोठा आवाज झाला की प्राणी दचकतो आणि अंगाचे सारे स्नायू क्षणात ताठ होतात. कंबर, गुडघा किंवा पाठीचा मणका दुखत असेल, तर त्या दचकण्याबरोबर कळ येते. आवाज आणि कळ यांची मनात गाठ बसली की पुढच्या वेळी नुसत्या आवाजाचीच धास्ती वाटू लागते. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठ आणि ब्राझील येथील संशोधकांनी २०१८ साली आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी १० कुत्र्यांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते आणि त्यांच्यातील भीती इतरांच्या मानाने सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा सुरू झालेली आढळली. संख्या लहान आहे हे खरे. परंतु आमच्यासारख्या रोज कुत्री तपासणाऱ्यांना त्यामुळे ‘याला कुठे दुखत तर नाही ना?’ हा प्रश्न आवर्जून विचारण्याची सवय लागली.

म्हणून पहिले काम पशुवैद्याकडे जाण्याचे. ‘फटाक्यांना घाबरते’ एवढेच न सांगता सोफ्याचे सांगा. चिंगी सकाळी झोपेतून कशी उठते, जिना कसा चढते, याचे चित्रण मोबाइलवर करून न्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेले कुत्रे आपले लंगडणे हमखास लपवते. दुखणे निघाले, तर त्याचा उपचार हाच भीतीवरील उपचाराचा अर्धा भाग ठरेल. घरातील माणसांची वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता काकांचा सल्ला. पोहायला शिकवण्यासाठी मुलाला विहिरीत ढकलण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि काकांच्या मनात बहुधा तेच असावे. परंतु त्या मुलाच्या पाठीला सुकड किंवा डबा बांधलेला असतो, काठावर माणूस उभा असतो आणि दोन मिनिटांत आपल्याला वर काढणार हे त्याला ठाऊक असते. चिंगीला यांपैकी काहीच ठाऊक नसते. पुढचा बार कधी आणि कुठून येणार याचा अंदाज नाही, पळून जायला वाट नाही, अशा स्थितीत तिला गच्चीवर धरून ठेवले, तर सवय होण्याऐवजी भीती पक्की होते, आणि पुढे गच्चीचा जिना पाहूनही ती थरथरू लागते. मला विचाराल, तर या विषयात मिळणाऱ्या सर्व सल्ल्यांपैकी हा सर्वांत घातक आहे.

सासूबाईंचा समज फार ठिकाणी आढळतो आणि एके काळी प्रशिक्षकही तेच सांगत. खाऊ मिळाल्यामुळे कुत्रे पुन्हा पुन्हा हात देते, कारण हात देणे ही त्याने निवडलेली कृती आहे. थरथरणे ही त्याने निवडलेली कृती नव्हे. त्यामुळे ती जवळ आली, तर अंगावरून हात फिरवण्यात काहीही गैर नाही. सासूबाईंच्या बाजूने एवढे मात्र म्हणता येईल की, बाथरूमच्या कोपऱ्यातून ओढून काढून तिला मांडीवर दाबून धरणे चुकीचेच आहे. तिने यावे, आपण बोलावून घेऊ नये.

चिंगीने निवडलेली जागा योग्यच आहे. इमारतीच्या आतल्या बाजूचे, लहान खिडकीचे बाथरूम घरातील सर्वांत शांत कोपरा असतो. तिचे अंथरूण आजपासूनच तिथे घाला आणि रोजचे एक जेवण तिथे द्या, म्हणजे ती जागा केवळ संकटात लपण्याची न राहता सुखाची होईल. दार नेहमी उघडे असावे. दिवाळीत पंखा आणि दूरचित्रवाणी सुरू ठेवल्याने बाहेरचे आवाज काहीसे बुजतात. पूर्णपणे नाही, कारण बॉम्बचा खर्जातला दणका भिंतींतूनही येतो.

प्रत्येक आवाजानंतर खाऊ देणे, हा मात्र साधा आणि खरोखर परिणामकारक उपाय आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या संशोधिका स्टेफनी रीमर यांनी हजाराहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा हा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना फरक जाणवला होता. होमिओपॅथी, पुष्पौषधी आणि सुगंधी तेले यांच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम एकतृतीयांशाच्या आसपास होते. क्रम चुकवू नका : आधी आवाज, मग लगेच उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा तुकडा, मग ती भुंकलेली असो वा दडलेली असो. क्रम उलटा झाला, तर पनीर दिसताच ‘आता बार होणार’ असे तिला वाटू लागेल आणि पनीरही वाया जाईल.

मोबाइलवर फटाक्यांचे ध्वनिमुद्रण लावूनही सराव करता येतो. सुरुवातीचा आवाज इतका हळू असावा की तिचा कान हलेल, पण खाणे थांबणार नाही; पाच मिनिटांच्या वर बसू नका आणि काही दिवस सलग ती निवांत राहिली, तरच आवाज किंचित वाढवा. ती ओठ चाटू लागली, जांभया देऊ लागली किंवा खाऊ नाकारला, तर आवाज जास्त झाला असे समजा. छोट्या स्पीकरमधून खर्ज नीट येत नसल्याने या सरावाला मर्यादा आहेत आणि सहा आठवड्यांत चिंगी निर्धास्त होईल, असे आश्वासन मी देणार नाही.

म्हणूनच औषधाचा निर्णय लांबवू नका. झोपेची गोळी नको, हे स्पष्ट सांगतो. पूर्वी आमच्यापैकी अनेक जण ॲसप्रोमाझिन नावाचे गुंगीचे औषध देत असू. त्याने शरीर सैलावते, कुत्रे निपचित पडते आणि घरच्यांना हायसे वाटते, परंतु भीती तशीच राहते, उलट आवाजाची संवेदनशीलता वाढूही शकते. आज भीती कमी करणारी वेगळी औषधे उपलब्ध आहेत. त्यांपैकी काही आवाज सुरू होण्याच्या आधी, त्या त्या संध्याकाळी द्यायची असतात आणि त्यांची मात्रा एखाद्या शांत दिवशी आजमावून पाहावी लागते. काही रोज द्यावी लागतात आणि त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे नेमके तेवढेच दिवस आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फिरणे अंधार पडण्यापूर्वी उरकावे आणि गळ्यातल्या पट्ट्याला फोन क्रमांकाची चकती असावी, कारण दचकलेले कुत्रे साखळी तोडून पळते. रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली असून २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. हे सोसायटीच्या सूचनाफलकावर लावून पाहावे. काकांनाही वाचता येईल. फराळातले बेदाणे घातलेले लाडू आणि चॉकलेट तिच्या तोंडी लागू देऊ नका. दोन्ही कुत्र्यांना विषारी असतात.

प्रश्न : माझे कार्यालय पुन्हा सुरू झाल्यापासून दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर घरी एकटा राहतो. तो दाराची चौकट कुरतडतो आणि शेजाऱ्यांच्या मते सतत रडतो. मी परतलो की मान खाली घालतो, म्हणजे आपली चूक त्याला कळते. शिक्षा करावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नये. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अमेरिकी अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोग करून दाखवले की, कुत्र्याचा हा ‘अपराधी’ चेहरा त्याच्या चुकीवर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असतो. तो तुमचा नूर ओळखतो, चौकट नव्हे. तुम्ही गेल्यावर घरात काय घडते, याचे चित्रण आधी करा. पहिल्याच अर्ध्या तासात धापा, येरझाऱ्या आणि दारावर ओरखडे दिसले, तर ही विरहाची चिंता आहे. मजेत उशा फाडत असेल, तर त्याला फक्त कंटाळा आला आहे आणि सकाळी तासभर दमवून फिरवल्याने बराच फरक पडेल. चिंता असेल, तर आधी किल्ल्या उचलून पुन्हा ठेवा, मग दाराबाहेर काही सेकंदच थांबा, आणि तो शांत राहील त्या बेताने वेळ वाढवत न्या. हा सराव चालू असेपर्यंत दिवसभर त्याला एकटे ठेवू नये, हीच यातली खरी अडचण आहे. घरी कुणा नातेवाइकाला बोलावणे किंवा कुत्री सांभाळणाऱ्याकडे सोडणे याची सोय आधी लावा आणि मगच सराव सुरू करा.