घरच्या सर्व्हरला कुठली हार्ड डिस्क? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पिक्चर, गाणी, लग्नाचे व्हिडिओ सगळं एका डब्यात भरून टीव्हीवर बघायचं, त्यासाठी डिस्क कुठली घेऊ, असे प्रश्न एवढे साचलेत की आज फक्त तेच घेतो.

प्रश्न (सिडको): डब्ल्यूडी घेऊ की सीगेट? मित्र म्हणतो सीगेट लगेच उडते, एमजी रोडचा दुकानदार बरोबर उलटं सांगतो. मला एकदाच खर्च करायचाय.

दोघांनीही आपापल्या हातात मेलेल्या चार-दोन डिस्क बघितल्यात आणि त्यावरून अख्ख्या कंपनीची कुंडली मांडून मोकळे झालेत. बॅकब्लेझ म्हणून एक अमेरिकन कंपनी आहे, लोकांचा बॅकअप ठेवायचा त्यांचा धंदा, ते २०१३ पासून आपल्याकडच्या किती डिस्क मेल्या याचे आकडे मॉडेलसकट जाहीर करतात आणि आता त्यांच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्क फिरतायत. २०२३ ला त्यातल्या १.७० टक्के गेल्या, २०२४ ला १.५७. म्हणजे शंभरातल्या एक-दोन वर्षाला जाणारच, तुम्ही कुठलंही नाव घ्या. त्या आकड्यांत कंपनीपेक्षा मॉडेल-मॉडेलमधला फरक मोठा दिसतो. सीगेटची बदनामी झाली ती बरीचशी ३ टीबीच्या एका मॉडेलमुळे, ते खरंच वाईट निघालं होतं, पण ते बाजारातून जाऊन जमाना झाला आणि नाव मात्र अजून चिकटलेलंय.

त्यामुळे डब्ल्यूडी रेड प्लस, सीगेट आयर्नवुल्फ, तोशिबा एन३००, यातली जी बिलासकट आणि पूर्ण वॉरंटीसकट मिळेल ती घ्या. आणि दादा, ते "एकदाच" डोक्यातून काढा. एक महागडी घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या, दुसरी कशाला ते शेवटाकडे येतंच.

प्रश्न (गंगापूर रोड): बाराकुडा आणि आयर्नवुल्फ, दोन्ही ४ टीबी, कंपनी पण एकच, मग आयर्नवुल्फला जास्त पैसे का मोजायचे? स्टिकरचेच ना?

नाही हो ताई, इथे आतलं काम वेगळंय. ४ टीबीची आत्ताची बाराकुडा एसएमआर पद्धतीची आहे आणि आयर्नवुल्फ सीएमआर. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक सुटा असतो. एसएमआरमध्ये ट्रॅक घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं की त्याच्या पुढची सगळी ओळ काढून परत बसवावी लागते. डिस्क हे काम थोडं साठवून नंतर निवांत करते म्हणून रोजच्या वापरात कळत पण नाही, मात्र तासन् तास सलग लिहायला लावलं की धाप लागते.

आता खरं सांगायचं तर एकच डिस्क, एकदा पिक्चर टाकला आणि मग नुसता बघायचा, एवढंच असेल तर एसएमआर पण चालून जाते, उगाच घाबरवणार नाही. प्रॉब्लेम RAID मध्ये, म्हणजे तीन-चार डिस्क एकत्र बांधल्या की. त्यातली एक मेली की नवीन डिस्कवर सगळं परत लिहावं लागतं, त्याला रिबिल्ड म्हणतात, आणि तिथे एसएमआर इतकी रडते की काही तासांचं काम कित्येक दिवस चालतं, कधी कधी कंट्रोलर, म्हणजे या सगळ्या डिस्क सांभाळणारा भाग, वैतागून नवीन डिस्कच बाहेर काढून टाकतो. आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर ताण असतो तो वेगळाच.

२०२० मध्ये याच्यावरून मोठा गोंधळ झाला होता. डब्ल्यूडीने आपल्या रेड (Red) नावाच्या सिरीजच्या २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्ये गुपचूप एसएमआर घातलं होतं, तेही नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरून घरभर फाइल्स देणाऱ्या डब्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या. लोकांनी पकडलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, मग कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. म्हणून दुकानात नुसतं "रेड द्या" म्हणू नका, "रेड प्लस" म्हणा आणि पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर तपासून मगच पैसे द्या. वॉरंटी पण बघा, बाराकुडाला २ वर्षं असते आणि आयर्नवुल्फला ३.

प्रश्न (पंचवटी): सीसीटीव्हीची पर्पल डिस्क पडून आहे, वापरू का?

बिनधास्त वापरा. चोवीस तास चालायलाच बनवलेली असते. पर्पलवर पिक्चर अडकतो, फ्रेम उडतात असं जे ऐकू येतं ते डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, खास कमांडबद्दलचं आहे, साधा सर्व्हर त्या कमांड देतच नाही. फक्त आधीच दोन-तीन वर्षं कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करून दमलेली असेल तर स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, बघून घ्या.

प्रश्न (निफाड): आमच्याकडे थंडीत द्राक्षांना शेकोट्या कराव्या लागतात, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. डिस्कला जास्त धोका कधी?

मस्त प्रश्न. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखभर डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात लोकांना वाटतं तितका उष्णतेचा संबंध दिसलाच नाही, उलट फार गार राहिलेल्या डिस्क जास्त मेल्या होत्या. खूप तापलेल्या आणि जुन्या डिस्क मात्र जास्त जातात. त्यामुळे ३० ते ४५ डिग्रीत राहिली की झालं. थंडीत सर्व्हर चालूच ठेवा, स्वतःच्या उबेवर राहील. मे मध्ये पत्र्याखालून काढून घरात आणा, डिस्कसमोर एक १२० एमएमचा पंखा लावा, आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबू नका.

प्रश्न (नाशिक रोड): ऑनलाइन रिफर्बिश्ड (वापरून झालेल्या) एंटरप्राइज, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसाठीच्या, डिस्क निम्म्या किमतीत दिसतात, घेऊ का?

बॅकअपसाठी घ्या, पण डोळे उघडे ठेवून. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघडकीला आलं की सीगेटच्या कितीतरी वापरलेल्या डिस्क दुकानांतून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. स्मार्टमधले तास पुसून शून्य केलेले, आणि खरे तास हजारोंच्या घरात. ते पकडले गेले कारण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो आणि पुसणाऱ्यांनी तो तसाच सोडला होता. स्मार्टमॉनटूल्स नावाच्या प्रोग्रॅमच्या ७.४ आणि पुढच्या व्हर्जनमध्ये तो वाचता येतो, दोन्हीकडचे तास जुळतात का बघा.

मग स्मार्टमध्ये ५, १९७ आणि १९८ हे तीन नंबर बघा, डिस्कवरच्या खराब जागा मोजतात ते, तिन्हींची रॉ व्हॅल्यू शून्यच पाहिजे. १९९ वाढत असेल तर बहुतेक केबल बंडल असते, डिस्कला शिव्या देऊ नका. त्यानंतर पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत एकदा पूर्ण लिहून परत वाचून घ्या. ८ टीबीला नुसतं लिहायलाच बारा-चौदा तास लागतात, रात्रभर लावून झोपा. ही टेस्ट नवीन डिस्कलाही करा, आणि ऑनलाइन घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत.

प्रश्न (सातपूर): मी दोन डिस्क मिरर केल्यात, एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप जातं. म्हणजे बॅकअप झाला ना?

नाही झाला काका. पोराने चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइल्स लॉक केल्या तरी तेच, आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) जळून जास्त व्होल्टेज गेलं तर दोन्ही एकदमच जातात. मिररचा उपयोग एवढाच की एक डिस्क मेली तरी संध्याकाळचा पिक्चर थांबत नाही. घरी त्याची गरज किती हा तुमचा प्रश्न, मला विचाराल तर मिरर मोडा, दुसरी डिस्क यूएसबी केसमध्ये घाला, महिन्यातून एकदा कॉपी करा आणि केबल काढून कपाटात ठेवा. शक्य असेल तर बहिणीच्या घरी ठेवा. पिक्चर परत मिळतील हो, वडिलांच्या साठीचा व्हिडिओ नाही मिळणार, त्यामुळे आधी घरचे फोटो-व्हिडिओ, मग बाकीचं.

आणि यूपीएस घ्याच. मे महिन्यातला वळवाचा पाऊस आला की लाईटचा कसा खेळ होतो ते तुम्हाला सांगायला नको. लाईट गेली की डिस्क हेड बाजूला घेते, फिरत्या प्लेटच्या उरलेल्या जोरावरच घेते, त्यामुळे ती सहसा वाचते, पण अर्धवट लिहिलेली फाइल सिस्टीम बिघडते. लाईट तीनदा जाते-येते तेव्हा तर विचारूच नका. घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर तो यूपीएस मोडवर टाका, नाहीतर बदल होईपर्यंत सर्व्हर रीस्टार्ट होतो.

प्रश्न (ओझर): फोर-के साठी एसएसडी लागेल का?

नाही. फोर-के ब्लू-रे जास्तीत जास्त १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १६ एमबी मागते आणि साधी ५४०० आरपीएमची डिस्क शंभरच्या पुढे सहज देते. पिक्चर अडकत असेल तर वायफाय बघा, लॅन केबल टाका. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एक छोटी एसएसडी टाकलीत तर बरं, तेवढंच.

प्रश्न (इंदिरानगर): ४ टीबीची डिस्क घेतली, विंडोजमध्ये ३.६३ च दिसते. फसवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. ८ ची घेतलीत तर ७.२७ दिसेल.