गज कुणी वाकवले?

स्टुडिओच्या काउंटरवरून : वाचकांचे प्रश्न

गेल्या खेपेला फोटोमागचा पसारा कसा काढायचा ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांतली निम्मी एकाच गोष्टीची निघाली : फोटोतली वस्तू वाकवायची, ताणायची, आवळायची कशी? म्हणून यंदा तेवढंच.

मी घरगुती लोणची विकते. काचेच्या बरणीचा फोटो मोबाइलवर काढून त्यावर कॉम्प्युटरवर फोटोशॉपमध्ये लेबल बसवलं. वार्पमधला (चित्र वाकवायच्या हत्यारातला) ‘आर्क’ हा तयार आकार देऊन ते वाकवलंसुद्धा. तरी ते बरणीला चिकटवल्यासारखं दिसत नाही, बरणीपुढे पुठ्ठा धरल्यासारखं दिसतं. – एक वाचक, चिपळूण

ताई, तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. कैरीच्या फोडी इतक्या छान आल्यात की लेबलाकडे लक्ष जायला वेळच लागला. पण गेलं, आणि तुमचं म्हणणं खरं आहे.

दोन गोष्टी झाल्यात. ‘आर्क’ लेबलाला पंख्यासारखं पसरवतो, म्हणजे त्याच्या उभ्या कडा तिरक्या होतात. बरणीवर त्या उभ्याच राहायला हव्यात. दुसरी गोष्ट, तुम्ही लेबल खाली वाकवलंत, पण कडेला आवळलं नाहीत. गोल वस्तूवरचा कागद कडेला आपल्यापासून दूर वळतो आणि आपल्याला अरुंद दिसतो. पटत नसेल तर घरीच करून बघा. वहीच्या कागदाची एक पट्टी कापा, तिच्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा, बरणीला गुंडाळा आणि एक डोळा मिटून समोरून पाहा. मधल्या रेघा ऐसपैस, कडेच्या एकमेकींना चिकटलेल्या. हिशेबात सांगायचं तर लेबल बरणीची दिसणारी सगळी बाजू झाकत असेल आणि त्याचे चार सारखे उभे पट्टे केले, तर मधल्या रेघेपासून कडेपर्यंतच्या जागेचे दहा भाग मानून आतल्या पट्ट्याला सात मिळतात आणि कडेच्या पट्ट्याला जेमतेम तीन. म्हणूनच बाजारातल्या लेबलांवर नाव मध्ये असतं आणि वजन, किंमत, पत्ता कडेला जातो.

तेव्हा तयार आकार सोडा. कंट्रोल-टी, उजवं बटण, ‘वार्प’, आणि साधी जाळी घ्या. चार कोपरे बरणीच्या कडांना लावा. आतल्या उभ्या रेघा मध्यापासून बाहेर, कडांकडे सरकवा. मग वरची आणि खालची कड मध्ये खाली ओढा. किती ओढायची ते मला विचारू नका, बरणीला विचारा. तुमच्या फोटोत झाकणाचा वरचा गोल दिसतोय, म्हणजे कॅमेरा वरून आहे. अशा वेळी वरची कड थोडी वाकते आणि खालची जास्त, कारण ती डोळ्याच्या पातळीपासून जास्त लांब. बरणीच्या बुडाचा जो बाक आहे, त्याच्यापेक्षा किंचित कमी बाक लेबलाच्या खालच्या कडेला द्या. अलीकडच्या फोटोशॉपमध्ये ‘सिलिंडर’ नावाचा तयार वार्प आहे, तोही चालेल. पण पट्टीचा प्रयोग एकदा केलाच पाहिजे, म्हणजे यंत्र कुठे चुकतंय ते कळेल.

हे सगळं करायच्या आधी लेबलाच्या लेयरचं (म्हणजे ते ज्या थरावर आहे त्याचं) ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ करून घ्या. वाकवताना प्रोग्राम नव्या चित्रातल्या एकेका ठिपक्यासाठी ‘हा मूळ चित्रात कुठून आला?’ असं शोधतो, आणि ती जागा बहुतेक वेळा दोन-चार ठिपक्यांच्या मध्ये पडते. मग तो शेजारच्या रंगांची भेसळ करून नवा रंग बनवतो. एकदा झालं तर कळत नाही. पाच वेळा एंटर मारून पाच वेळा वाकवलंत तर ‘कैरी लोणचे’ हे ओल्या कागदावर लिहिल्यासारखं होतं. स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर दर वेळी हिशेब मूळ लेबलापासून होतो.

आणि आता खरी मेख. आकार बरोबर आला तरी लेबल वेगळंच दिसेल, कारण त्यावर तुमच्या स्वयंपाकघरातला उजेड पडलेलाच नाही. बरणीच्या डाव्या अंगाला खिडकीची उभी पांढरी चमक आहे. ती लेबलाशी येऊन कापल्यासारखी थांबते आणि खाली पुन्हा सुरू होते. लेबलाच्या वर एक नवा लेयर घेऊन तो ‘मल्टिप्लाय’वर टाका, म्हणजे तो खालचा रंग फक्त गडद करतो. त्यावर लेबलाच्या दोन्ही कडांना हलकी काळपट छटा द्या, आणि चमकेच्या जागी लेबलावरही पुसट पांढरा पट्टा ओढा. कागदावर काचेइतकी चमक नसते, म्हणून पुसटच. लेबलाचा पांढरा रंगही दुधासारखा शुभ्र ठेवू नका. मागच्या भिंतीचा पिवळटपणा त्यात थोडा उतरू द्या.

लग्नातल्या ग्रुप फोटोत माझी मोठी आत्या अगदी कडेला उभी आहे आणि आहे त्याच्या दीडपट दिसते. ती रुसली आहे. लिक्विफायने (ब्रशने चित्र ढकलायच्या हत्याराने) बारीक केलं तर मागचा दरवाजा वाकतो. – एक वाचक, इस्लामपूर

आत्यांचा राग रास्त आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. दोष त्यांचा नाही, लेन्सचाही नाही. रुंद दृश्य सपाट कागदावर उतरवलं की कडेच्या गोष्टी मध्यापासून बाहेरच्या दिशेने ताणल्या जातात. 24 मिलिमीटरच्या लेन्सला आडव्या फोटोच्या अगदी कडेला डोकं सुमारे 25 टक्के रुंद होतं. 50 च्या लेन्सला हेच 6 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या भावाने भिंतीला पाठ लावून मोबाइलच्या रुंद लेन्सने फोटो काढलाय. अजून दहा पावलं मागे जायला जागा असती तर आत्या रुसल्या नसत्या.

आता दरवाजा. इथे माझीच गोष्ट सांगतो, लाज सोडून. 2011 सालचं लग्न, करिझ्मा अल्बम, बारा बाय छत्तीसचं पान. नवरदेव अंगाने भरलेला. त्याच्या आईने हळूच सांगितलं, ‘कमरेत जरा घ्या.’ मी लिक्विफाय उघडलं आणि दोन्ही बाजूंनी आत ढकललं. नवरदेव झक्कास झाला. मागे हॉलची खिडकी होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. अल्बम छापून, बांधून, मखमली पेटीत घालून दिला. तिसऱ्या दिवशी मुलाचे मामा पेटी घेऊन काउंटरवर हजर. मामांचं ग्रिल-फॅब्रिकेशनचं वर्कशॉप! त्यांनी नवरदेवाकडे बघितलंसुद्धा नाही. कमरेशेजारच्या खिडकीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे गज कुणी वाकवले?’ बारा एमएमचे सळईचे गज केळ्यासारखे आत आले होते. ते पान मी माझ्या खर्चाने पुन्हा छापलं.

तेव्हापासून कुणालाही हात लावण्याआधी मी त्याचे शेजारी बघतो. दरवाजाची चौकट, फरशीचे सांधे, खिडकीचे गज, पडद्याच्या सरळ चुण्या, आणि माणसाच्या अंगावर असेल तर चौकडीचा शर्ट किंवा साडीचा काठ. माणसाचं अंग कसंही वळलं तरी डोळा चालवून घेतो, सरळ रेघ एक केसभर वाकली तरी नाही.

तुमच्यासाठी मार्ग असा. आत्यांना पूर्ण निवडून वेगळ्या लेयरवर घ्या. खालच्या लेयरवर त्यांच्या जागी दरवाजा आणि भिंत आजूबाजूचा भाग घेऊन भरून काढा. चौकट सरळ असल्याने हे वाटतं तितकं अवघड नाही. वरच्या लेयरवरच्या आत्या रुंदीत 85 टक्के करा. हिशेबाने त्या 80 वर यायला हव्यात, पण तेवढं केलं की शेजारच्या काकांपुढे त्या उपाशी दिसतील. काकाही ताणलेलेच आहेत ना! काकांना 90 च्या आसपास आणा, त्यापुढच्या माणसाला सोडून द्या. पाय जमिनीवर टेकलेले राहिले का आणि पायाखालची सावली त्यांच्याबरोबर सरकली का, ते तपासा.

एवढा वेळ नसेल आणि लिक्विफायच करायचं असेल, तर आधी दरवाजावर ‘फ्रीझ मास्क’ फिरवा म्हणजे तो हलणार नाही. ब्रश हाताच्या रुंदीपेक्षा मोठा घ्या, जोर कमी ठेवा. लहान ब्रशने ढकललं की दंडाला उकडलेला बटाटा बोटाने दाबल्यासारखे खड्डे पडतात.

दिवे घाटात आमच्या दिंडीचा फोटो काढला, पण त्या क्षणी वारा पडला होता आणि पुढची पताका काठीला चिकटून लोंबते आहे. स्मरणिकेसाठी ती फडकती करता येईल? – एक वाचक, सासवड

येईल, आणि स्मरणिका म्हणजे बातमीचा फोटो नव्हे, त्यामुळे मी नाही म्हणणार नाही. पण लोंबणाऱ्या कापडातून फडकणारं कापड ओढून काढायला जाऊ नका. चुण्यांत दडलेलं कापड फोटोत नाहीच, ते ताणलं तर भगव्या रंगाचा चिखल होईल. त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोतली उघडलेली पताका कापून आणा आणि तिला हवा द्या.

तयार ‘फ्लॅग’ वार्प नको. त्यात काठीकडचं टोक आणि मोकळं टोक दोन्ही सारखंच धरलेलं राहतं. पताका काठीला बांधलेली असते, तिथे ती हलत नाही. लाट काठीपासून लहान सुरू होते आणि दोन टोकांकडे मोठी होत जाते. पपेट वार्प घ्या, काठीच्या बाजूने चार पिना ठोका आणि त्यांना हात लावू नका. मग मध्ये दोन, टोकांवर एकेक, आणि ओढायच्या त्या फक्त टोकांच्या. पिना फार झाल्या की कापडाचा पत्रा होतो.

यापुढे मल्टिप्लायवाल्या ताईंना सांगितलं तेच. लाट काढली पण तिच्यावर ऊन-सावली नसेल तर ती कातरलेला कागद दिसते. वर 50 टक्के करड्या रंगाचा लेयर घालून तो ‘सॉफ्ट लाइट’वर टाका. काहीच बदलणार नाही, घाबरू नका. आता त्या करड्यावर डॉज आणि बर्न फिरवा : उन्हाकडे तोंड केलेल्या चुणीवर उजळ, पाठ केलेलीवर गडद. ऊन कुठून येतंय हे विणेकऱ्याच्या टोपीवर बघा.

आणि वारा एकट्या पताकेपुरता येत नाही. मागच्या दोन पताका लोंबत्या राहिल्या आणि तुळशी घेतलेल्या मावशींचा पदरही हलला नाही, तर तुमची पताका चमत्कार वाटेल. मागच्या पताका थोड्या तरी उचला. पदराला हात लावू नका.

खालून काढलेल्या दीपमाळेचा फोटो ‘पर्स्पेक्टिव्ह’ने सरळ केला, तर ती ड्रेनेजच्या पाइपसारखी दिसते. – एक वाचक, जेजुरी

कारण दीपमाळ मुळातच वर निमुळती असते! तुम्ही तिच्या दोन्ही कडा समांतर केल्यात. सरळ करायची ती तिच्या मधोमधची काल्पनिक रेघ. कडांसाठी शेजारच्या देवळाची भिंत किंवा दाराची चौकट माप म्हणून घ्या. ती उभी झाली की थांबा, दीपमाळ आपोआप जागेवर येते. वरचा भाग रुंद केल्यावर सगळं बुटकं दिसतं, म्हणून उंची 5-10 टक्के वाढवा.

मी मिरजेत काम शिकलो तेव्हा हे डार्करूममध्ये होत असे. एन्लार्जरखालच्या कागदाच्या फळीला एका बाजूने काड्यापेटी लावून तिरकं करायचं, एन्लार्जरच्या लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं म्हणजे वर-खाली दोन्हीकडे फोकस टिकतो, आणि एक्स्पोजर वाढवायचं. एकदा काड्यापेटी आडवी ठेवायची की उभी यावरून उस्तादांचं आणि माझं भांडण झालं होतं. त्यांचं बरोबर होतं.

फोटोशॉपचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत. – तीन-चार वाचक

गिंप फुकट आहे. त्यातलं ‘वार्प ट्रान्सफॉर्म’ म्हणजे लिक्विफायचा भाऊ, 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून आहे. ‘केज ट्रान्सफॉर्म’ त्याच्याही आधीचं : वस्तूभोवती ठिपके टाकून पिंजरा करायचा आणि पिंजरा हलवायचा. फक्त कधीमधी लागणार असेल तर फोटोपिया ब्राउझरमध्येच चालतं, त्यात लिक्विफाय आणि पपेट वार्प दोन्ही आहेत, बटणंही फोटोशॉपसारखीच. माझ्याकडचा पोरगा अर्धं काम त्याच्यावर उरकतो आणि मला वाटतं की तो यूट्यूब बघतोय.

स्थळासाठीच्या फोटोत माझं नाक सरळ करून मिळेल का? – एक वाचक, कराड

मुरूम काढून देईन, डोळ्यांखालचं जागरण कमी करून देईन. नाक नाही. कांदेपोहे खायला तेच नाक घेऊन जायचंय. पासपोर्टचा फोटो असता तर मुरमालाही हात लावला नसता.

पण वाकडेपणा कमी दिसेल असा फोटो काढून देतो. नाक ज्या बाजूला वळलंय, त्याच बाजूला चेहरा थोडा फिरवायचा आणि मोठा मऊ दिवा समोरून जरा वर ठेवायचा, म्हणजे नाकाची सावली गालावर न पडता सरळ खाली पडते. सकाळी अकराच्या आत या, नंतर पासपोर्टवाल्यांची गर्दी होते. निळा शर्ट नको, आमचा पडदा निळा आहे.