कातडं नंतर, आधी शहर आणि साल बघा

प्रश्न : हल्ली नोकरीमुळे पॅरिसला असतो, सेन नदीच्या काठावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे फिरायचा नाद लागलाय. जॉर्ज सँड या फ्रेंच लेखिकेच्या खेड्यातल्या कादंबऱ्या खूप आवडतात. ‘फ्रांस्वा ल शांपी’च्या दोन प्रती मिळतायत. एक पॅरिसची, १८५०, दोन खंड, हिरवं लेदर, सोनेरी नक्षी, एकदम देखणी. दुसरी ब्रसेल्सची, १८४८, साधीच, आणि विकणारा स्वतःच म्हणतो की ही चोरटी आहे. मग हिरवीच घ्यावी ना?

उत्तर : थांबा जरा. चोरटी आहे हे खरंच, त्या काळी बेल्जियमचे छापखाने पॅरिसची पुस्तकं न विचारता छापून स्वस्तात विकायचे, आणि म्हणून संग्राहक सहसा ब्रसेल्सकडे वळूनही बघत नाहीत. पण शांपीचं प्रकरण उलटं आहे. कादंबरी पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’ या पेपरात क्रमशः येत होती, शेवट जवळ आला आणि १८४८ ची फेब्रुवारी क्रांती झाली, राजा पळाला, कादंबरीचा शेवट लांबला. पॅरिसमध्ये पुस्तक निघायला १८५० उजाडलं, ब्रसेल्सवाल्यांनी मात्र पेपरातून उचलून १८४८ लाच छापून टाकलं! म्हणजे पुस्तकरूपात आधीची तीच. पॅरिसची ती ‘फ्रान्समधली पहिली’, तिलाही मान आहेच, पण वेगळा.

आता हिरवं लेदर. त्या वेळी फ्रेंच कादंबऱ्या साध्या कागदी कव्हरात विकल्या जायच्या, बाइंडिंग ज्याचं त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करून घ्यायचं, त्यामुळे भारी लेदरवरून आवृत्ती कळतच नाही, ते पन्नास वर्षांनीही चढवलेलं असू शकतं. उलट बाइंडर कडा कापतो, समास बारीक होतात, आणि आतल्या शीर्षकपानाआधीचं फक्त नाव छापलेलं पान बऱ्याचदा फेकून देतो. ते पान आहे का बघा, दोन्ही खंडांत. मूळ कागदी कव्हरं आत शिवून ठेवलेली असली तर सोन्याहून पिवळं. मला विचाराल तर मी साधी ब्रसेल्सवालीच उचलेन, दाखवायला शेल्फ सजवायचं असेल तर हिरवी घ्या बापडे.

प्रश्न : बर्नार्दँ द सँ-पिएरची कादंबरी ‘पॉल ए व्हिर्जिनी’, १७८९ ची, ‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकतायत. बरोबर का?

उत्तर : स्वतंत्र पुस्तक म्हणून पहिली, हो. पण गोष्ट त्याआधी १७८८ मध्ये लेखकाच्या निसर्गावरच्या मोठ्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात छापून आलेली आहे. विक्रेत्याने ‘स्वतंत्र’ हा शब्द गाळला असेल तर भावात घासाघीस करायला तुम्हाला तेवढं पुरे.